जिव्हाळी लागलेला खिळा

हंबीरराव शेलारांचं नाव सेनापतीचं आणि सारी उमर गेली घोड्याच्या पायाशी. धारमध्ये त्यांची थट्टा करायची झाली तर लोक एवढंच म्हणत, आणि तेही हसून सोडून देत. त्यांचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते घोड्यांना नाल ठोकत. राज्य गेलं, पागा रिकामी झाली, तरी घरातली ऐरण हलली नाही. वडिलांनी टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकले, हंबीररावांनी वरातीच्या घोड्यांना. आता बहात्तरी उलटली होती. हात थरथरू लागले तशी चार वर्षांपूर्वी त्यांनी हातोडी खाली ठेवली. थरथरत्या हातानं खिळा कुठं जाईल याचा नेम नाही, असं ते म्हणत, आणि म्हणताना का कोण जाणे समोरच्याकडे बघत नसत.

गावातल्या मराठी मंडळींनी यंदा जुन्या कसबी माणसांचा सत्कार करायचं ठरवलं, त्यात पहिलं नाव त्यांचं निघालं. माहिती लिहून घ्यायला शुभंकर नावाचा एक तरुण घरी आला.

"काकू, मी हिंदीत लिहितो हं," तो यमुनाबाईंना म्हणाला. "मराठी बोलता येतं, पण लिहायला बसलो की गडबड होते."

"लिही कशातही," यमुनाबाई म्हणाल्या. "पण लाडीचं लिही. आमचं लग्नच तिच्यामुळं झालं."

आणि चहाचा कप बाजूला ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली. लाडी ही त्यांच्या वडिलांची शर्यतीची घोडी. शर्यतीत पडली. "तेव्हा हे अकरा दिवस तिच्यापासून हलले नाहीत बघ. घरी जेवायलासुद्धा गेले नाहीत. घोडी काही वाचली नाही. पण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, जो मुक्या जनावराला इतकं जपतो, तो माझ्या पोरीला काय कमी जपेल?"

"जाऊ दे ते जुनं," हंबीरराव म्हणाले.

शुभंकरला तो त्यांचा विनय वाटला. त्यानं तेही लिहून घेतलं.

खरी गोष्ट हंबीररावांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

शहात्तर सालची ती शर्यत. यमुनेचे वडील शिवाजीराव जगदाळे हे पागेच्या जुन्या कारभाऱ्याचे चिरंजीव. चार टांगे चालवून घर भागवत आणि हौसेसाठी एक घोडी पाळत. काळपट तांबड्या कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. माळव्यात नवरीला लाडी म्हणतात, म्हणून तिचं नाव लाडी. यमुनेनं तिला शिंगरू असल्यापासून हातानं चारलं होतं. शर्यतीत तिच्यावर मानसिंग मोहिते बसायचा, सव्वीस वर्षांचा, उंचापुरा, आणि त्यानं लाडीला कधी चाबूक दाखवला नव्हता. माघात यमुनेचा आणि त्याचा साखरपुडा झाला होता. लग्न अक्षय्यतृतीयेला ठरलं होतं.

हंबीर दर महिन्याला लाडीचे खूर तासायला जाई. सहा वर्षं जात होता. यमुना घोडीचं दावं धरून उभी राही. सहा वर्षांत त्यांच्यात बोलणं झालं ते "पाय धर" आणि "पाणी दे" एवढंच. पण कानस फिरवावी लागते त्याहून जास्त वेळ तो फिरवायचा. साखरपुड्याचे पेढे त्यानंही खाल्ले.

रंगपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी तिरल्याच्या रस्त्यावरच्या मैदानात शर्यत होती. बदनावर, राजगढ, कुठून कुठून घोडे आले होते. सकाळी लाडीच्या उजव्या पुढच्या पायाचा नाल ढिला दिसला म्हणून हंबीरला बोलावणं आलं. मैदानाच्या कडेला लिंबाखाली त्यानं जुना नाल काढला, नवा बसवला. यमुना दावं धरून उभी होती. अंगावर तिच्या रंगपंचमीचा गुलाबी डाग अजून होता, कानामागं. हंबीरची नजर तिथं गेली आणि हातोडी खाली आली.

खिळा खुराच्या कडेनं चालला की हातोडीचा आवाज कडक येतो. ती कड नखासारखी, तिला दुखत नाही. आत वळून जिव्हाळीला लागला, जिथं जिवंत मांस सुरू होतं तिथं, की आवाज मऊ होतो. पाचव्या खिळ्याचा आवाज मऊ आला. लाडीनं पाय ओढला.

"काय झालं?" यमुनेनं विचारलं.

"माशी बसली," हंबीर म्हणाला.

खिळा उपटायचा, भोकात औषध भरायचं, घोडी त्या दिवशी पळवायची नाही. नालबंदाच्या पोराला हे बाराखडीच्या आधी शिकवतात. पण मग यमुनेसमोर म्हणावं लागलं असतं, चुकलं माझं. तेवढ्यात मानसिंग आला. डोक्याला लाल फेटा, एक टोक लोंबत होतं. हंबीरला तो माळवी रीतीनं भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा.

"झालं का, हंबीरभिया? राजगढवाले तयार होऊन उभे आहेत."

"आधी फेटा तरी नीट बांधून घे," यमुना त्याला म्हणाली, आणि अशी हसली की हंबीरनं मान खाली घातली. त्यानं खिळ्याचं टोक मुडपलं, वरून कानस फिरवली आणि म्हणाला, "झालं. घेऊन जा."

लाजेनं गप्प बसला, की मनात कुठंतरी 'हरू दे एकदा' असं आलं होतं? पुढं आयुष्यभर त्यानं स्वतःला हे विचारलं. कधी एक उत्तर यायचं, कधी दुसरं. दोन्ही खरी असावीत.

तीन फेऱ्यांची शर्यत. दोन फेऱ्या लाडी पुढं होती. तिसरीत मागं पडू लागली. का, ते मानसिंगला कळेना. लोक ओरडत होते. त्यानं कुणाचा तरी चाबूक कमरेला खोचला होता, तो काढला आणि दोनदा ओढला. वळणावर लाडीचा उजवा पाय खाली बसला. ती कोसळली आणि मानसिंगचा डावा गुडघा तिच्याखाली सापडला.

सगळे मानसिंगकडे धावले. हंबीर घोडीकडे धावला. लोकांना वाटलं, केवढी माया! त्यानं त्या गर्दीत पहिलं काम केलं ते नाल उपटायचं. तो ओढ्यात फेकला, खुराला डांबर फासलं. कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. घोडीचं अंग खरचटलेलं, पाय सुजलेला. त्यांनी खूर हातात घेऊन विचारलं, "याला काही लागलं होतं का? खिळा, काच? असेल तर सांगा, सुई वेगळी द्यावी लागेल."

"नाही साहेब," हंबीर म्हणाला. "नाल मीच ठोकला, मीच काढला. खूर साफ आहे."

डॉक्टरांनी नालबंदाच्या शब्दावर विश्वास ठेवला. आठव्या दिवशी लाडीचा जबडा बसला. कान ताठ, शेपूट ताठ. डॉक्टर पुन्हा आले, धनुर्वात म्हणाले, आता उशीर झाला म्हणाले. अकराव्या दिवशी ती गेली. हंबीर त्या अकरा दिवसांत तिच्या तोंडात पाणी पिळत होता, अंग शेकत होता, रडत होता. शिवाजीराव ओसरीतून ते बघत होते.

मानसिंगचा पाय इंदूरच्या दवाखान्यात वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. शिवाजीराव त्याला भेटायला गेले ते साखरपुडा मोडायलाच. "थकलेल्या जनावरावर तू चाबूक ओढलास," ते म्हणाले. मानसिंग एक शब्द बोलला नाही. पायाचं प्लास्टर सुटल्यावर मामाकडं खातेगांवला निघून गेला. कार्तिकात यमुनेचं हंबीरशी लग्न लागलं. ती हो म्हणाली नाही, आणि नाही म्हणायला तिला कुणी विचारलं नाही.

संसार मात्र चांगला झाला. हंबीरराव बायकोला कधी उणा शब्द बोलले नाहीत. सासऱ्यांचं शेवटचं दुखणं त्यांनीच काढलं. मुलगी नीतू झाली तेव्हा सांगून टाकावं असं वाटलं, पण बाळंतिणीला कसं सांगायचं? सासरे गेले तेव्हा वाटलं, पण सुतकात कसं सांगायचं? चांगला मुहूर्त शोधता शोधता अठ्ठेचाळीस वर्षं गेली. कुणी "हंबीररावांसारखा मायाळू माणूस नाही" म्हटलं की ते आणखी मायाळू व्हायचे.

सत्काराला सभागृह भरलं होतं. शाल झाली, श्रीफळ झालं. मग शुभंकर ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "आता एक सरप्राइज आहे," आणि मंचाच्या पायऱ्यांवरून काठी टेकत, डावा पाय ओढत एक म्हातारा वर आला. हंबीररावांनी त्याला चालण्यावरून ओळखलं. असं चालताना त्यांनी त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं.

मानसिंगराव खातेगांवच्या मंडीत पस्तीस वर्षं धान्याच्या तोलाईचं काम करून निवृत्त झाले होते. बायको वारली होती, मुलाकडं राहत होते. बोलण्यात आता हिंदी जास्त होती.

"मी फार बोलत नाही," ते म्हणाले. "मेरे हाथ से एक पाप हुआ था. ज्या घोडीनं मला कधी हरू दिलं नाही, तिला मी चाबूक मारला. ती त्यानं मेली. और ये आदमी, ग्यारह दिन उसके पास बैठा रहा. मी पाहायलाही आलो नाही, तोंड नव्हतं. हंबीरभिया, आज सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो."

आणि त्यांनी वाकून हंबीररावांच्या पायांना हात लावला. गुडघा वाकत नव्हता, म्हणून कमरेतून अर्धे वाकले आणि तोल जाऊ लागला तेव्हा शुभंकरनं धरलं. लोक टाळ्या वाजवू लागले. यमुनाबाई पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या. हंबीररावांच्या अंगावर शाल होती, हातात नारळ होता, आणि पाय मागं घ्यायला जागा नव्हती, कारण मागं खुर्ची होती. त्यांना जे तेव्हा सांगता आलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मानसिंगरावांना उठवलं, मिठी मारली. त्या मिठीचा फोटो दुसऱ्या दिवशी घरोघरच्या मोबाईलवर फिरला.

सकाळी यमुनाबाई तो फोटो चष्मा लावून बघत होत्या.

"किती खंगलेत मानसिंगराव," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मनाला लावून बसले. चाबकानं का कुठं धनुर्वात होतो? तुम्ही एकदा फोन करून सांगा त्यांना, तुमचं ऐकतील."

"चाबकानं नाही झाला," हंबीरराव म्हणाले.

"तेच म्हणते मी."

"खिळ्यानं झाला. माझ्या. जिव्हाळीला लागला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

यमुनाबाईंनी चष्मा काढला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माशी, फेटा, ओढ्यात टाकलेला नाल. हंबीररावांना वाटलं, आता मानसिंगचं विचारेल, मोडलेल्या लग्नाचं विचारेल. त्याची उत्तरं त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षं जुळवून ठेवली होती.

"डॉक्टरांनी विचारलं होतं," यमुनाबाई म्हणाल्या. "मी भुशाची बादली घेऊन तिथंच उभी होते. खूर हातात धरून त्यांनी तुम्हाला विचारलं, काही लागलंय का. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

हंबीरराव त्यांच्या हातातल्या चष्म्याकडे बघू लागले.

"सांगा ना. काय म्हणालात?"

"खूर साफ आहे म्हणालो."

"सुई देणार होते ते."

"हो."

"वाचली असती."

"वाचली असती कदाचित."

यमुनाबाई उठल्या आणि आत गेल्या. दोन दिवस घरात स्वयंपाक झाला, पानं वाढली गेली, आणि शब्द म्हणून उमटला नाही. तिसऱ्या दिवशी हंबीरराव खातेगांवला जायला पायात चप्पल घालू लागले, तर त्या पदर खोचून, पिशवी घेऊन दारात उभ्या.

"तू कशाला? उन्हाचं फार लांब आहे."

"मी येते. तुम्ही अर्धं सांगाल."

मानसिंगरावांचं घर मंडीच्या मागं होतं. ओट्यावर खाट टाकून ते बसले होते. दोघांना बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सुनेला हाका मारून चहा सांगितला, नाश्ता सांगितला. "अरे, घरधनी-धनीण दोघं आले! बैठो, बैठो." हंबीरराव बसले नाहीत. उभ्यानंच सांगू लागले. खिळ्याचं सांगितलं. नालाचं सांगितलं. मग थांबले.

"डॉक्टरांचं सांगा," यमुनाबाई म्हणाल्या.

त्यांनी डॉक्टरांचं सांगितलं.

सून चहा ठेवून गेली. मानसिंगराव काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "यमुना, तुला ठाऊक होतं?"

अठ्ठेचाळीस वर्षांत तिला त्यांनी नावानं हाक मारली नव्हती. सत्काराच्या वेळीसुद्धा 'वहिनी' म्हणाले होते.

"तीन दिवस झाले," यमुनाबाई म्हणाल्या.

"तुझे वडील दवाखान्यात आले. मला म्हणाले, तू मारलंस तिला. मला खरं वाटलं. म्हणून मी भांडलो नाही. तुझ्यासाठी भांडलो नाही." त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या पोराला मी वरातीच्या घोडीवरसुद्धा बसू दिलं नाही. जीपमध्ये नेला. लोक हसले."

"मानसिंग, मी तुझ्या पाया पडतो," हंबीरराव म्हणाले आणि खाली वाकू लागले.

"नको." मानसिंगरावांनी काठी आडवी धरली. "माझी माफी तू भरल्या सभेत घेतलीस. शाल पांघरून घेतलीस. आणि तू ती इथं, ओट्यावर, कुणी बघत नसताना मागतोस? इतकं स्वस्त नाही ते, भिया. चहा पी आणि जा."

चहा कुणीच प्यायला नाही.

परतताना इंदूरच्या बसस्टँडवर यमुनाबाईंनी पिशवी उचलली. "मी देवासला जाते. नीतूकडं."

"किती दिवस?"

"माहीत नाही. घरी डबीत तिखट संपत आलंय, आणून घ्या."

हंबीरराव धारच्या बसमध्ये एकटे बसले. खिडकीतून त्यांना देवासच्या गाडीच्या पायरीवर चढणारी बायको दिसली. एका हातानं दांडा धरून, गुडघ्यावर दुसरा हात ठेवून ती चढली, आणि कुण्या परक्या बाईनं तिला वर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नीतूचा फोन आला. "आबा, आई काहीच बोलत नाहीये. तुमचं भांडण झालं का? या वयात?"

"भांडण नाही, बेटा. तिनं सांगितलं नाही म्हणजे मलाच सांगावं लागेल," असं म्हणून त्यांनी लेकीलाही सांगितलं. पलीकडून ती बराच वेळ नुसतं "हं" म्हणत राहिली. शेवटी म्हणाली, "लहानपणी तुम्ही मला लाडीची गोष्ट सांगायचात ती?" त्यांनी फोन ठेवला.

गुढीपाडव्याला त्याच सभागृहात मंडळींचा कार्यक्रम होता. हंबीररावांनी शुभंकरला दोन मिनिटं मागितली आणि खातेगांवला, देवासला निरोप धाडला. नव्या पिढीला कळावं म्हणून ते हिंदीत बोलले, अडखळत, पण बोलले. काहीच गाळलं नाही. डॉक्टरांचंही नाही. सत्काराची शाल घडी करून आणली होती, ती टेबलावर ठेवली.

मग अध्यक्ष माईकजवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका का दिल कितना बड़ा है, देखो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, पन्नास वर्षांपूर्वीची बात, काका, एका घोडीसाठी काय जिवाला लावून घेता! शुभंकरनं शाल पुन्हा त्यांच्या हातात दिली. ज्यांचं काही गेलं नव्हतं त्यांनी हसत हसत माफ करून टाकलं. हंबीररावांना त्या टाळ्या अंगावर चिखल उडावा तशा लागल्या.

शेवटच्या रांगेत मानसिंगराव मुलाबरोबर बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. कार्यक्रम संपायच्या आधी उठले आणि काठी टेकत निघून गेले. दारापाशी नीतूबरोबर यमुनाबाई उभ्या होत्या. त्यांच्याशी ते दोन शब्द बोलले. काय बोलले ते हंबीररावांना कळलं नाही.

यमुनाबाई आणखी महिन्यानं घरी आल्या, सोबत पापडांचा डबा घेऊन. "मी आले म्हणजे माफ केलं असं धरू नका," उंबऱ्यातच त्या म्हणाल्या. "घर माझंही आहे."

"आहेच," हंबीरराव म्हणाले आणि त्यांच्या हातातला डबा घेतला.

त्याला आता वर्ष होईल. घर पूर्वीसारखंच चालतं. औषधाची वेळ त्या चुकू देत नाहीत. जेवताना भाजीत मीठ कमी आहे का विचारतात. पण कुणी पाहुणा आला आणि नवऱ्याचं कौतुक करू लागला, की पूर्वी त्या पुढं दोन शब्द जोडायच्या, आता उठून आत जातात.

दर रविवारी अकराच्या सुमारास खातेगांवहून मानसिंगरावांचा फोन येतो. तो यमुनाबाईंसाठी असतो. पहिल्यांदा आला तेव्हा हंबीरराव उठून बाहेर ओट्यावर गेले.

"बसा की," यमुनाबाई म्हणाल्या. "चोरून काही बोलत नाही आम्ही."

तरी ते जातात. उन्हात रस्त्यावरच्या गाड्या बघत बसतात. शेजारचे तरुणभिया विचारतात, "काका, धुपात काय बसलात?" ते म्हणतात, "असंच." दहा-पंधरा मिनिटांनी आतून हाक येते, पान वाढल्याची. जेवताना यमुनाबाई कधी सांगतात, मानसिंगरावांचे डोळे तपासायचे आहेत, सुनेला मुलगा झाला. कधी काहीच सांगत नाहीत. जेवढं सांगतात तेवढं हंबीरराव ऐकतात. त्यापुढचं विचारायला त्यांना तोंड नाही.